दादाच्या नावची सव्वा मूठ

श्रावण लागला की आमच्या घरात आधी माळ्यावरची भांडी खाली येतात. पितळी घंगाळ, तांब्याचा कलश, समया आणि वर्षभर कुणी हातही न लावलेली एक मोठी परात. माय अंगणात पाट टाकून बसते, चिंचेचा कोळ आणि राख घेते आणि घासायला लागते. ओल्या चिंचेचा आणि ओल्या राखेचा तो वास खिडकीतून थेट माझ्या टेबलापर्यंत येतो. एरवी मी वासाबिसाच्या भानगडीत पडणारा माणूस नाही. पण हा वास आला की माझं डोकं फिरतं, समोरच्या पडद्यावरचं काही वाचता येत नाही आणि वर्षातून एकदा नोकरी सोडून द्यावीशी वाटते.

काल तिनं घासता घासता हात थांबवला आणि मनगट धरून बसली. मी खिडकीतूनच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. हात राह्यत नाही आता." मग कलश पालथा घालत, कोथिंबीर आण म्हणावं इतक्या सहज म्हणाली, "या वर्षी गहू तूच मोज, बापू. माह्यानं मूठ वळत नाही."

मी बरं म्हटलं. म्हणायला काय जातं? पण तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. गहू मोजायचे म्हणजे नावं घ्यायची, आणि त्या नावांत एक नाव असं आहे की ते घ्यावं की घेऊ नये, यानं आमचं घर खाऊन टाकलंय.

ज्यांच्याकडे कानबाई बसत नाही त्यांना आधी हे सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. देवी म्हणजे नारळ. त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, लाल कापड नेसवायचं आणि चौरंगावर कलशात बसवायचं. दिवसभर गाणी, आरत्या, पुरणपोळी, खीर, लाल भोपळ्याची भाजी. सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर न्यायचं. फुलं-पत्री पाण्यात सोडायची, पण नारळ सोडायचा नाही. तो नुसता बुडवायचा, घरी आणायचा आणि लाल फडक्यात गुंडाळून पुढच्या श्रावणासाठी ठेवून द्यायचा. आमचा नारळ आजोबांच्याही आधीपासून चालत आलाय. आतलं पाणी कधीच आटलं, हलवला की खुळखुळ वाजतो.

आणि रोट. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्या मानानं हरभऱ्याची डाळ घ्यायची आणि दोन्ही एकत्र दळून जाडजूड रोट करायचे. बायकांच्या नावाची मूठ नसते. दळणं, मळणं, थापणं मात्र सगळं त्यांच्याच नावावर. हे रोट भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, गाईला घालायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. पौर्णिमेच्या आत आपले आपणच संपवायचे. आणि भाऊबंदांत कुणी गेलं, सुतक असलं, तर त्या वर्षी रोटच नाहीत. नियम सोपा आहे. जिवंत माणसाची मूठ घ्यायची, मेलेल्याची घ्यायची नाही. ज्यांनी नियम केला त्यांना तिसरा प्रकार ठाऊकच नसावा.

तो तिसरा प्रकार म्हणजे माझा मोठा भाऊ, गजानन. मी त्याला दादा म्हणायचो.

दादा केळीच्या धंद्यात होता. व्यापारी नव्हता, व्यापाऱ्याचा माणूस होता. आमच्याकडची केळी ट्रकांत भरून वर उत्तरेला जाते, आणि मालाबरोबर कुणीतरी भरवशाचा माणूस लागतो. तो दादा. त्याच्या झाडून सगळ्या शर्टांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. तो चीक कशानंही जात नाही. त्याच्या लग्नाचं बोलणं चालू होतं तेव्हा माय म्हणायची, "नवरदेवाच्या कपड्यावरबी डाग पाडीन हा." त्यावर तो असा हसायचा की गल्लीतली कुत्री उठून बसायची. ट्रक कुठंही थांबला की मला फोन. काम काडीचं नसायचं. "बापू, असीरगढचा किल्ला ढगात गेला बघ, नुस्ता दरवाजा दिसून राह्यला." नाहीतर, "अरे, इथं मावा जलेबी म्हणून काय दिलं माहितीये? यांना आपल्या बऱ्हाणपूरला नेऊन जोड्यानं मारलं पाहिजे." मी म्हणायचो, दादा, मी कामात आहे. तो म्हणायचा, मग मी काय झोपलोय का?

एका फेरीत माल पोचला आणि दादा परत आला नाही. सांगण्यासारखं एवढंच आहे. ड्रायव्हर म्हणाला, माल उतरल्यावर आम्ही चहा घेतला, मग तो म्हणाला, तू हो पुढं, मी रेल्वेनं येतो. भांडण नाही, आजारपण नाही, कुणाशी वाकडं नाही. फोन बंद. मी गेलो. मंडीत फिरलो, फोटो दाखवले, ठाण्यात नोंद केली, दवाखाने पालथे घातले, आणि एका अशा खोलीतही जाऊन आलो जिच्याबद्दल मी मायला अजून सांगितलेलं नाही. तिथंही तो नव्हता. बाहेर येऊन मी भिंतीला टेकून आनंदानं रडलो होतो. आता कधी कधी वाटतं, तिथं सापडला असता तर बरं झालं असतं. असं वाटू नये. पण वाटतं.

माय दर श्रावणात त्याची मूठ घेत राहिली. "गजानन" म्हणायची, मूठ भरायची, वर पाव मूठ टाकायची. त्याच्या वाटचा रोट माझ्या ताटात पडायचा. "खा. भावाचं भावानंच खायचं असते." रोट म्हणजे काय चेष्टा नाही, एक खाल्ला तरी माणूस आडवा होतो. मी दोन खायचो आणि संध्याकाळपर्यंत पोट धरून कण्हत बसायचो. "तो आला की त्याच्याकडून वसूल करतो," असं म्हणायचो. सुरुवातीला ते म्हणताना मला खरंच वाटायचं.

पण मला जो श्रावण छळतो तो त्यानंतरचा. काही वर्षं झाली त्याला. पावसानं तेव्हा दम खाल्ला नव्हता. अंगणातला काळा चिखल चपलेला लागून घरभर यायचा, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस दमट राहायचे, घरात कुबट वास. मागच्या गल्लीतले पावरलूम दिवसभर खटखटत असायचे. लाइट गेली की सगळे एकदम बंद व्हायचे आणि त्या शांततेनं दचकायला व्हायचं. मी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीचं काम इथं बऱ्हाणपूरच्या लालबागेत बसून करत होतो. अजून तेच करतो. दादा गेल्यावर मायला एकटं टाकून पुन्हा पुण्याला जाणं झालंच नाही.

माझं काम काय हे सांगायचं म्हणजे पंचाईत असते. आमची कंपनी डीबगर बनवते. चालता प्रोग्राम मध्येच थांबवायचा आणि त्याच्या आत डोकवायचं, की बाबा रे, तू आता कुठल्या ओळीवर आहेस, तुझ्या कुठल्या डब्यात काय ठेवलंय. हे ज्या साधनानं करतात ते डीबगर. वैद्यानं नाडी धरावी तसं. आता हा वैद्य बरोबर सांगतो की थापा मारतो, हे तपासायचं तर रोगी लागतात. आणि रोगी असे लागतात की ज्यांचा रोग आम्हाला आधीपासून पक्का माहीत आहे. ते रोगी तयार करणं हे माझं काम. मुद्दाम बिघडवलेले छोटे छोटे प्रोग्राम, आणि त्यांना चाचणीपुरतं उभं करून नंतर सगळं आवरून ठेवायची व्यवस्था. त्याला फिक्स्चर म्हणतात.

त्याआधी जो तो आपापल्या चाचणीसाठी आपापला रोगी बनवायचा. एकाची चाचणी संपली की तिचं उरलंसुरलं तसंच पडून राहायचं आणि दुसऱ्याची चाचणी त्यावरच सुरू व्हायची. उष्ट्या ताटात वाढल्यासारखं. मग चूक कुणाची, कुठली, काही कळायचं नाही आणि पुण्याहून सुहास माझ्यावर खेकसायचा. सुहास म्हणजे माझा वरिष्ठ, तोंडानं फाटका पण मनानं बरा. त्यानं मला सांगितलं, सगळ्यांना पुन्हा पुन्हा वापरता येईल असा एकच संच कर. मांडायचं, विचारायचं, आवरायचं, आणि पुढच्याला ताट स्वच्छ मिळालं पाहिजे. मी म्हटलं, आमच्याकडे देवीसुद्धा अशीच असते. त्याला काही कळलं नाही.

दिवसभर मी त्याच कामात. प्रोग्राम बिघडवायचा, आणि तो दर वेळी त्याच जागी, त्याच तऱ्हेनं बिघडतो ना हे बघायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण बिघडायलाही शिस्त लागते. आज इथं पडला, उद्या तिथं पडला, असा रोगी काही कामाचा नाही.

एकदा माय कणसं भाजून घेऊन आली आणि माझ्या मागं उभी राहिली. "काय करून राह्यला रे दिवसभर?"

"बिघडलेलं बनवतो."

"अन् दुरुस्त कोन करते?"

"दुरुस्त करायचं नाही, माय. ते तसंच राहिलं पाहिजे. कधीही या, तसंच मोडलेलं सापडलं पाहिजे."

"अरे बाप्पा! अन् याचा पगार देतात तुले?" तिनं कणीस माझ्या हातात कोंबलं आणि हसत गेली. त्या श्रावणातलं तिचं मला आठवणारं हसणं तेवढंच.

मग काका आला. माझे वडील गेल्यापासून भाऊबंदांत तोच मोठा. नारळ आमच्या घरी, त्यामुळे कानबाईला तो आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडेच येतो. त्या दिवशी मात्र तो आठवडाभर आधीच आला, छत्री दाराशी टेकवली आणि बसायच्या आधीच बोलायला लागला. "देखो वहिनी, मी सीधी बात करतो. गजूचं एकदा काय ते ठरवा. आहे म्हणता तर आहे कुठं? नाही म्हणता तर सुतक धरा, विधी करा, मोकळे व्हा. हे अधांतरी मूठ घेणं देवीला चालत नसते."

"शास्त्रात सांगितलेली वर्षं भरली नाहीत अजून," मी म्हणालो.

"वर्षं भरायची वाट कशाले पाहायची? दर्भाचा पुतळा करतात, त्याले अग्नी देतात. त्या पोराचा जीव तिकडं अडकून पडला असेल तर सुटेल तरी. आणि या बापूचं काय? मोठ्याचं कळत नाही तोवर धाकट्याले पोरगी कोन देईन?"

मायच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं काकाला दिला नाही, ओट्यावर परत ठेवला. "माह्या जित्या लेकाचा गवताचा पुतळा जाळायले आले का भाऊजी तुम्ही? सांगा. त्यासाठी आले असान तर छत्री तिथं हाय."

काका गेला. चहा तसाच निवला. माझा राग काकावर होता, मायवर होता आणि सगळ्यात जास्त दादावर होता. असा कसा गेलास रे, हरामखोरा? मेलास तर मेलास असं तरी कळव, असं मी त्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन मोठ्यानं ओरडलो. पावरलूम चालू होते, कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक नवं फिक्स्चर लिहायला घेतलं. गोष्ट अशी. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारी जी व्यवस्था असते ती मोठी काटकसरी. एखादा डबा सुरुवातीला एकदा वापरला आणि पुढं त्याची गरज नाही असं तिला दिसलं, की ती त्याची जागा काढून दुसऱ्याला देते. प्रोग्राम चालूच राहतो, कुणाचं काही अडत नाही. पण बाहेरचा माणूस मध्येच थांबवून विचारतो, अमक्या डब्यात काय आहे? आणि आमचा डीबगर खुशाल जुनंच सांगायचा. जशी काही ती वस्तू अजून तिथंच आहे, डब्यात, सुखरूप. लोक त्यावर भरवसा ठेवून तासन्‌तास भलतीकडं शोधत बसायचे. वास्तविक त्यानं सांगायला हवं होतं, उपलब्ध नाही. शून्य नव्हे, रिकामं नव्हे. आहे असंही नव्हे आणि संपलं असंही नव्हे. नुसतं, उपलब्ध नाही.

तर मला असा एक रोगी करायचा होता, ज्याच्यातला एक डबा हमखास नाहीसा होतो. डब्याला नाव लागतं. बोटांनी आपसूक 'दादा' लिहिलं, मी पाहत राहिलो आणि ते तसंच ठेवलं.

सुहासनं तपासायला घेतलं आणि फोन केला. "अरे, हे कसलं नाव? दुसऱ्या कुणाला कळायला नको का?"

"मोठ्या भावाला म्हणतात आमच्यात."

"ते आमच्यातही म्हणतात रे. पण इथं कशाला..." आणि तो मध्येच थांबला. दादाचं त्याला माहीत होतं. मग म्हणाला, "राहू दे. बाकी उत्तम झालंय."

चाचणी चालवली की विचारलं जायचं, दादा? आणि डीबगर बेधडक जुनं उत्तर द्यायचा. लाल फुली, म्हणजे नापास. पुन्हा चालवायची, पुन्हा लाल फुली. मग सुहासनं दोन-तीन दिवस डोकं घालून डीबगरमधली ती खोड काढली. दुपारी मी पुन्हा चालवलं. दादा? उपलब्ध नाही. हिरवी खूण. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. इतका मोठा दोष माझ्या रोग्यानं पकडून दिला होता. मला तो आनंद कुणाला तरी सांगायचा होता आणि घरात मायशिवाय होतं कोण?

माय तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो आणि सगळं समजावून सांगितलं. डब्याचं नाव तेवढं सांगितलं नाही.

ती ऐकत होती, बोटं तांदळात फिरत होती. "म्हंजे आधी ते खोटं सांगत होतं?"

"खोटं नाही गं. जुनं."

"अन् आता?"

"आता सांगतं, उपलब्ध नाही."

"मेलं असं नाही म्हनत?"

"नाही."

"हाय असंबी नाही?"

"नाही, माय."

तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "मंग लोकं काय करतात, असं सांगितल्यावर?"

मी माझ्याच आनंदात होतो. म्हणालो, "काय करणार? पुढच्या ओळीवर जातात."

"हं," माय म्हणाली, आणि सूप घेऊन उठली.

तो रविवार उजाडला. काका आला, रुसवा-फुगवा असला तरी कानबाईला न येऊन सांगतो कुणाला? परातीत गव्हाची रास. माय न्हाऊन, ओले केस बांधून बसली. काकाचं नाव घेतलं, सव्वा मूठ. त्याच्या दोन्ही मुलांची नावं, सव्वा-सव्वा मूठ. माझं नाव. मग तिनं पुन्हा राशीत हात घातला. मूठ भरली. मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो. ओठ नावासाठी उघडले होते. पण नाव आलं नाही. तिनं मूठ तशीच धरून ठेवली, मग राशीवरच हळूच उघडली. गहू गव्हात मिसळले. पदराला हात पुसला आणि म्हणाली, "डाळ आना."

काकाच रडला. इतकी वर्षं जो हेच करा म्हणून कानीकपाळी ओरडत होता, तोच धोतराचा सोगा डोळ्यांना लावून बाहेर अंगणात गेला आणि पावसात उभा राहिला. तिनं सुतक धरलं नाही, रोट थांबवले नाहीत. तो आहे असं म्हणाली नाही आणि नाही असंही म्हणाली नाही. मी तिला जे सांगितलं होतं ते तिनं अक्षरशः केलं. तिच्या त्या मुठीवर मी किती विसंबून होतो हे मला त्या दिवशी कळलं. मी चेष्टा करत होतो, कण्हत होतो, पण जोवर ती मूठ भरली जात होती तोवर कुणीतरी एक जण घरात अशी होती जिला दादा येणार याची खात्री होती. ती खात्री होती म्हणून मला शंका घ्यायची चैन परवडत होती.

दुपारी पंगत बसली. माझ्या ताटात एकच रोट. मी खाल्ला. मग वाट पाहत बसलो, कशाची ते माझं मलाही कळेना. माय समोर आली. "अजून काही देऊ का? खीर?"

"नको."

त्या दिवशी माझं पोट भरलं नाही. एक रोट पोटात असून मला अशी भूक लागली होती की वर तांब्याभर पाणी प्यालो तरी भागेना. इतरांनी ढेकरा दिल्या, पानं खाल्ली, चटया टाकून आडवे झाले. मी मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो आणि उशी तोंडात धरून रडलो.

सोमवारी तापी गढूळ, दुथडी. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. बायका गात होत्या, कुणाचातरी ताशा भिजून बद्द वाजत होता. मायनं फुलं सोडली, नारळ बुडवला, काढला, फडक्यात गुंडाळला आणि घरी येईपर्यंत छातीशी धरून ठेवला. रस्त्यात केळीचा एक ट्रक आडवा आला, उत्तरेकडं निघालेला. ती थांबली नाही, मान वर केली नाही. आधी कधी ती असा ट्रक पाहिल्याशिवाय पुढं गेली नव्हती.

ते फिक्स्चर अजून आहे. आता त्याच्यावर इतरांच्या किती चाचण्या उभ्या राहिल्यात याची गणती नाही. पुन्हा पुन्हा वापरता यावं म्हणूनच तर केलं होतं. कुणीतरी कुठंतरी बसून डीबगरमध्ये एखादी ओळ बदलतं, सगळ्या चाचण्या आपोआप चालतात, आणि मध्येच कुठंतरी विचारलं जातं, दादा? उपलब्ध नाही. हिरवी खूण. मी मेथीची जुडी निवडत असतो, दाढी करत असतो, मायला डॉक्टरकडं नेत असतो, आणि कुठंतरी हे चालू असतं. तो नाही हे बरोबर उत्तर आहे. तो कधी सापडला तर चाचणी नापास होईल. मी ते नाव बदलायला कितीदा बसलो. पण इतक्या जणांनी ते आपापल्या चाचण्यांत लिहून ठेवलंय की आता ते एकट्याच्या हातातलं राहिलेलं नाही. एका नव्या मुलीनं मध्ये मला विचारलं, सर, हे दादा म्हणजे कशाचं संक्षिप्त रूप आहे का? मी म्हटलं, हो. कशाचं ते तिनं विचारलं नाही, नशीब माझं.

पुढच्या ओळीवर जातात, असं मी मायला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आम्ही काही गेलो नाही. माझं लग्न झालं नाही. दादाचे चिकाचे शर्ट त्या लोखंडी कपाटात तसेच आहेत. वर्षातून एकदा त्यांना ऊन दाखवायचं आणि परत ठेवायचे. फोन वाजला आणि अनोळखी आकडा असला तर अजून मी हातातलं टाकून तो घेतो, आणि पलीकडून कुणी कर्ज पाहिजे का विचारलं की मी त्याला अशा शिव्या देतो की तो बिचारा पुन्हा या शहरात फोन करणार नाही. त्या श्रावणानंतर माय दर वर्षी गहू मोजत आली, दादाचं नाव वगळून. मी दर वर्षी एक रोट खात आलो. दोघंही त्याबद्दल चकार शब्द बोललो नाही. माझ्या मनात आता आशाबिशा काही नाही. हे मी कुणी सांत्वन करायला येऊ नये म्हणून सांगतो.

आज सकाळी परात मांडली. अंगणात ऊन-पाऊस चालला होता, घासलेला कलश लखलखत होता. काका आता फारसा चालत नाही, तो दारातल्या खुर्चीवर बसला. माय भिंतीला टेकून, डाळीचं ताट मांडीवर घेऊन. मी राशीत हात घातला. गहू गार लागतात हाताला, हे मला माहीतच नव्हतं. काकाचं नाव घेतलं. त्याच्या मुलांची घेतली. माझं घेतलं, आपलंच नाव मोठ्यानं घ्यायला कसंतरीच वाटलं. झालं. एवढ्यावर थांबायचं होतं.

माझा हात पुन्हा राशीत गेला. मी तो थांबवू शकलो असतो. जे नाही ते आहे असं दाखवू नये, यासाठी मी महिनेच्या महिने घालवलेत, पगार खाल्लाय. मूठ भरली, बाहेर काढली आणि वेगळ्या काढलेल्या गव्हांवर टाकली. वर पाव मूठ.

काकानं मान वर केली. माय डाळीकडंच पाहत होती. म्हणाली, "जास्त झाले."

"असू दे."

"कोन खाईन?"

"मीच. आधी कोण खायचं?"

मागच्या गल्लीतल्या पावरलूमची खटखट तेवढी येत होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, परत टाक. ती म्हणाली असती तर मी टाकले असते. तिनं आपला तो न वळणारा हात डाळीत घातला, दुसऱ्या हातानं त्याची बोटं एक-एक करून मिटली, आणि तेवढी डाळ उचलून माझ्या गव्हांवर ठेवली. काही दाणे सांडले, ते मी वेचले.

नाव ना तिनं घेतलं, ना मी.